लाल झगा, मूठभर तांदूळ

लूंग उंग यांच्या 'फर्स्ट दे किल्ड माय फादर' (२०००) या आत्मकथनातली प्रतीकं घरातल्याच वस्तूंची आहेत. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी कंबोडियाच्या राजधानीचं शहर नोम पेन्ह घेतलं, तेव्हा लूंग पाच वर्षांची होती. शहर रिकामं होत असतानाच्या पायपिटीत आई तिच्या हाती नोटा ठेवते, शौचाला कागद म्हणून. एक अख्खी अर्थव्यवस्था कोसळल्याचं तिला असं कळतं.

मग लाल झगा. आईने नववर्षासाठी शिवलेला. सैनिक तो इतर रंगीत कपड्यांबरोबर जाळून टाकतात. यापुढे सर्वांनी काळंच नेसायचं. प्रतीकांची ताकद राजवटीलाही पुरती ठाऊक आहे: रंग गेले की माणसं एकसारखी होतील, हा तिचा हिशेब. मुलीला त्या तत्त्वज्ञानाशी कर्तव्य नाही. तिचा झगा गेला, एवढंच तिला दिसतं, आणि तिथेच तिचा द्वेष जन्मतो.

पण पुस्तकाचा गाभा तांदळात आहे. भातशेतीत राबणाऱ्यांच्याच ताटात पातळ पेज येते. एका रात्री लूंग घरच्या राखीव साठ्यातले मूठभर तांदूळ चोरते. धाकट्या बहिणीच्या, गीकच्या तोंडचा घास आपण काढला, ही टोचणी तिला पुढे सोडत नाही. अन्नाचं प्रतीक इथे पावित्र्याकडे झुकत नाही. भुकेने माणसाला स्वतःच्याच घरात चोर बनवलं, याचा तो पुरावा होतो. बळी ठरलेल्या मुलीला लेखिका निष्पाप ठेवत नाही, हे तिचं मोठं धाडस.

वडिलांना नेताना सैनिक सांगतात, चिखलात रुतलेली बैलगाडी काढायला मदत हवी. इतक्या साध्या कामाच्या निमित्ताने गेलेला माणूस परत येत नाही.

सारं वर्तमानकाळात लिहिलेलं आहे. पाच वर्षांच्या मुलीला एवढं आठवेल का, असा आक्षेप काही कंबोडियन वाचकांनी घेतला. तो रास्त आहे. या निवेदनामागे प्रौढ लेखिकेची जुळणी आहेच. तरीही वस्तूंचा अर्थ ती मुलीच्या तोंडी घालत नाही, हा संयम पुस्तकाला तारतो. यावरचा २०१७ चा चित्रपट पाहिलेल्यांनीही पुस्तक वाचावं. तांदूळ चोरल्यानंतरचा तिचा स्वतःशी चाललेला झगडा पानांवरच पुरता भेटतो.