तंजावरची ‘देवेंद्र कुरवंजी’ : सत्ताहीन राजाची रंगभूमी

देवगड-मालवण किनाऱ्यावरील दशावतारी खेळात साधे लाकडी बाक हेच राजाचे सिंहासन असते. त्याचे राज्य नटाच्या शब्दांतून व गायनातून उभे राहते. रंगभूमीची ही शक्ती प्रत्यक्ष राजा हाती घेतो, तेव्हा तिला राजकीय अर्थ प्राप्त होतो. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिने तुर्कस्तानाशी युद्ध चालू असता, १७९० मध्ये, स्वतः रचलेले संगीतप्रधान नाटक दरबारी रंगमंचावर आणले. त्यात प्राचीन राजा ओलेग कॉन्स्टँटिनोपलमध्ये ढाल टांगतो. सम्राज्ञीची आकांक्षा तेथे इतिहासाच्या वेषात प्रकटते.

तंजावरच्या भोसले दरबारातही राजेच नाटककार होते. शहाजीराजांपासून (१६८४–१७१२) चालत आलेली ही परंपरा दुसऱ्या सरफोजींपर्यंत (१७९८–१८३२) पोहोचली, तेव्हा सत्ता मात्र उरली नव्हती. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला; राजांकडे किल्ला, त्याभोवतीचा थोडा प्रदेश, सालिना एक लाख होन व निव्वळ महसुलाचा पंचमांश एवढेच राहिले. ह्याच सरफोजींच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी गेय नाटक आहे.

कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. त्यात कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री आपल्या डोंगरी मुलखाचे वर्णन करते, विरहिणी नायिकेचा हात पाहते आणि प्रियमीलनाचे भाकीत करते. हा प्रियकर बहुधा देव किंवा राजा असतो. शिवक्कोळुंदु देशिकरांच्या तमिळ ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’त तो खुद्द सरफोजीच आहेत, ते उघड राजस्तवन होय. ‘देवेंद्र कुरवंजी’त मात्र मुलूखवर्णनाची जागा साऱ्या पृथ्वीच्या भूगोलाने घेतली आहे आणि तो भूगोल पदांतून गायिला जातो.

नाट्यदृष्ट्या ही रचना दुबळी आहे, हे नाकारता येत नाही; माहितीच्या भाराखाली भाव दबतो. तथापि तिला गेय पाठ्यपुस्तक ठरवून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ ह्यांच्या मार्गदर्शनाखाली वाढलेल्या सरफोजींना नवी विद्या युरोपाकडूनच मिळाली, आणि राज्यही युरोपीय सत्तेनेच घेतले. ती विद्या मराठी पदांत बांधून स्वतःच्या दरबारी परंपरेत बसविणे, एवढेच राजकर्तृत्व त्यांना मोकळे होते. दिग्विजयाचे वर्णन जेथे अपेक्षित, तेथे देशांची नामावली येते, ह्याचे मर्म हेच. मराठी नाटकाचा इतिहास सांगलीच्या १८४३ मधील ‘सीतास्वयंवरा’पासून मांडणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीतून हे मर्म निसटते, मराठी रंगभूमीच्या राजकीय आशयाचा विचार तंजावरपासूनच करणे इष्ट ठरेल.