कैफियत आणि शेरा

'पिंजरा' मी प्रथम पाहिला नाही, ऐकला. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट १९७२ साली लागला तेव्हा तो पाहण्याची मुभा आमच्या घरातून फक्त धाकट्या आत्याला मिळाली होती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत, सुपात तांदूळ निवडीत बसून तिने तो आम्हा पोरांना आणि चाळीतल्या चार बायकांना जो सांगायला घेतला, तो सूप दोनदा रिकामे होऊन पुन्हा भरले तरी संपला नव्हता. आदर्शवादी मास्तर, गावाबाहेर उतरलेला तमाशाचा फड, मास्तरांची घसरण आणि अखेरीस स्वतःच्याच खुनाचा आरोप स्वतःवर येण्याचा तो विलक्षण पेच, यांतले काहीही तिने क्रमाने सांगितले नाही. शेवट आधी आला, फड मागाहून आला, आणि मधली निदान पाच मिनिटे श्रीराम लागूंच्या डोळ्यांनी घेतली. पुढे कित्येक वर्षांनी दूरदर्शनवर 'पिंजरा' दाखवला गेला तेव्हा मी एका प्रसंगाची अखेरपर्यंत वाट पाहिली: सर्वांच्या लेखी मेलेले मास्तर आपल्याच जुन्या शाळेच्या खिडकीतून आत डोकावतात, फळ्यावरची बेरीज चुकलेली पाहतात आणि न बोलता निघून जातात. तो प्रसंग चित्रपटात नाही. आत्याने तो तांदळातून काढला होता. चित्रपट पाहून आलेल्या माणसाच्या मनाचे काय झाले, हे त्या खोट्या प्रसंगाइतक्या खरेपणाने सांगणारा अभिप्राय मी त्यानंतर फार थोड्या वेळा ऐकला आहे.

चित्रपटाविषयी घरच्या घरी, सहजगत्या मत देणे ही एक कला आहे, असे म्हटले तर समीक्षकवर्ग नाक मुरडील. परंतु नाट्यगृहाबाहेरच्या कट्ट्याला जर आपण रसिकतेच्या इतिहासात जागा देतो, तर माजघराला ती नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. या कलेचे दोन प्रकार आहेत आणि त्यांना नावे आपल्या कचेऱ्यांनीच देऊन ठेवली आहेत. कैफियत म्हणजे घडल्या गोष्टीचे पक्षकाराने आपल्या तोंडाने केलेले सविस्तर निवेदन, ज्यात तो स्वतः कोठे उभा होता आणि त्याच्या दृष्टीस काय पडले हे आलेच पाहिजे. शेरा म्हणजे वरच्या अधिकाऱ्याने, कागद वाचून किंवा न वाचता, समासात ओढलेली एक ओळ. गेल्या पन्नास वर्षांत आमच्या घरगुती चित्रपटचर्चेचे जे झाले ते एवढेच, की पक्षकार उठून गेला आणि त्याच्या जागी अधिकारी येऊन बसला.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि शनिवारी मराठी व रविवारी हिंदी चित्रपट घरात येऊ लागला. घरात म्हणजे, ज्या एका बिऱ्हाडी संच होता त्या घरात. दाराशी चपलांचा ढीग, पुढे पोरे, मागे बायका, आणि एकुलत्या खुर्चीवर संचाचे मालक, ज्यांना पहिले मत देण्याचा मान वहिवाटीने मिळालेला असे. चित्रपट रंगात आला की मध्येच बातम्या लागत. रसभंग होतो, अशी ओरड तेव्हा घरोघर होती. मला मात्र आज मागे पाहताना वाटते, की घरगुती समीक्षेची खरी तालीम त्या बातम्यांच्या अवधीतच होत असे, कारण तेवढ्या वेळात अर्ध्या चित्रपटावर मत द्यावे लागे, उरलेल्या अर्ध्याचा अंदाज बांधावा लागे, आणि बातम्या संपल्या की तो अंदाज खोलीभर माणसांच्या समक्ष खरा किंवा खोटा ठरे. सोमवारी नळावर आणि लोकलच्या डब्यात जे बोलणे होई, त्यात कथानक सांगण्याची सोयच नसे, कारण चित्रपट पाहिला नाही असा माणूस सापडत नसे. साहजिकच बोलणाऱ्याला तपशिलात उतरावे लागे. 'सिंहासन' दाखवला गेला त्यानंतरच्या आठवड्यात, आमच्या खालच्या मजल्यावरचे मंत्रालयातले एक कारकून, अरुण सरनाईकांच्या मुख्यमंत्र्याविषयी किंवा निळू फुले यांच्या पत्रकाराविषयी अवाक्षर न काढता, साहेबांच्या दाराबाहेर ताटकळणाऱ्या माणसांचे चेहरे कसे असतात यावरच बोलत राहिले होते. ती समीक्षा नव्हती, साक्ष होती. आणि जब्बार पटेलांच्या त्या चित्रपटाविषयी पुढे जे विद्वत्तापूर्ण वाचले, त्यापेक्षा ती मला अधिक उपयोगी पडली.

व्हिडिओचे दिवस लवकर सरले. वर्गणी काढून एका रात्रीसाठी यंत्र भाड्याने आणायचे, पैसे वसूल व्हावेत म्हणून पहाटेपर्यंत तीन चित्रपट संपवायचे, आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी मत द्यायचे, तर पहिल्यातला नायक तिसऱ्यातल्या बहिणीच्या लग्नात सापडे. केबलने उलटा प्रकार केला. 'अशी ही बनवाबनवी' हा १९८८ चा चित्रपट इतक्या वेळा लागला, आणि इतक्या वेळा जेवताना पाहिला गेला, की त्याविषयी मत असण्याची अवस्थाच संपली. सत्तर रुपयांचा किंवा लिंबाच्या रंगाच्या साडीचा नुसता उल्लेख झाला तरी पंगतीतली तीन पिढ्यांची माणसे एकदम हसतात. याला अभिप्राय म्हणावे की नामस्मरण, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

मग २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्राइम व्हिडिओ आपल्याकडे आले, २०२० च्या टाळेबंदीने साऱ्यांनाच घरात बसवले, आणि ज्या माणसाने जन्मात वर्षाला दोन चित्रपट पाहिले नव्हते तो आठवड्याला चार पाहू लागला. पाहणे वाढले त्या मानाने बोलणे वाढायला हवे होते. तसे झाले नाही, याचे एक कारण उघड आहे: एका घरातली चार माणसे चार पडद्यांवर, चार निरनिराळ्या वेळी, चार निरनिराळे चित्रपट पाहतात, आणि जेवणाच्या टेबलाशी भेटतात तेव्हा कोणाचीच साक्ष कोणाला तपासता येत नाही. चित्रगृहाच्या काळात लोकांच्या मताला निदान एक हिशेबाची वही होती. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला, या एका आकड्यात किती कैफियती जमा झाल्या असतील! आज त्या वहीच्या जागी पडद्याच्या कोपऱ्यात एक चिन्ह असते. पूर्वी नेटफ्लिक्स पाचांपैकी तारे मागत असे. २०१७ साली त्यांनी तारे काढून टाकले आणि अंगठा मागितला. पदव्या मिळवलेल्या आमच्या दोन पिढ्यांनी तो विनातक्रार दिला. तलाठ्याच्या कागदावर 'निशाणी डावा अंगठा' असे लिहिले जाई तेव्हा तो देणाऱ्याला निदान थोडी लाज वाटत असे.

जे अंगठ्यावर थांबत नाहीत ते शेरा देतात. 'एकदा बघायला हरकत नाही' हा त्यांतला सर्वांत प्रतिष्ठित. हा शेरा देणारा माणूस ना हरकत दाखला देत असतो; म्हणजे जबाबदारी घेत नसतो. 'फोटोग्राफी सुंदर आहे' याचा अर्थ कथा कळली नाही, आणि 'कामे सगळ्यांचीच चांगली झाली आहेत' याचा अर्थ बोलणारा मधूनमधून मोबाइल पाहत होता. हे शेरे निरुपद्रवी आहेत. उपद्रवी आहे तो 'संथ आहे' हा शेरा, कारण त्याने गेल्या दशकातल्या काही उत्तम मराठी चित्रपटांचे प्रकरण वाचल्यावाचून निकालात काढले आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट', व्हेनिसला गौरवलेला आणि पुढे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवणारा, आमच्या एका नातलगांकडे आम्ही सात जणांनी मिळून पाहिला. लोकशाहिरावरचा खटला तारखांमागून तारखा घेत चालला होता. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागल्या तेव्हा, 'हे कशाला दाखवतात?' असा प्रश्न स्वयंपाकघरातून आलेल्या वहिनींनीच विचारला, ही गोष्ट मी लक्षात ठेवली. अखेरीस न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. आमच्याकडे एक जण राउटर पाहायला उठला. दुसऱ्याने, वीज गेली नाही, पंखा चालू आहे, असे सप्रमाण सिद्ध केले. तिसऱ्याने, संपला, असे म्हणून दिवा लावला, आणि त्या गडबडीत सहलीला गेलेले न्यायमूर्ती, बाकावर बसल्याबसल्या त्यांना लागलेली डुलकी आणि त्यांना दचकवणारी पोरे, हा ज्याच्यासाठी सारा चित्रपट उभा केला आहे तो भाग कोणी उभ्याने पाहिला, कोणी पाहिलाच नाही. सोफ्याच्या टोकाला आमचे काका, न्यायमूर्तींच्याच पवित्र्यात, डुलकी घेत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा शेरा आला: संथ आहे, शेवट अर्धवट. यात माझी तक्रार काकांच्या झोपेविषयी नाही. 'त्या अंधारात मला वाटले वीज गेली' एवढे एक वाक्य जर कोणी बोलले असते, तर त्या चित्रपटावरची ती उत्कृष्ट टीका ठरली असती, कारण दिग्दर्शकालाही बहुधा तेच हवे होते. आपल्याला प्रत्यक्ष काय झाले ते सांगायचे सोडून चित्रपट कसा आहे ते सांगण्याची ही घाई शेरेबाजीने आमच्या अंगी आणली आहे. माझ्या माहितीतले एक तरुण गृहस्थ तर सर्व काही दीडपट वेगाने पाहतात आणि मग चित्रपटाची गती चांगली आहे म्हणून सांगतात.

ताम्हाण्यांच्याच 'द डिसायपल'च्या बाबतीत मला उलट अनुभव आला. रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावरून मोटारसायकलीने जाणारा, गाणे शिकणारा शरद नेरुळकर, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंच्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती, मागे तानपुरा: ही दृश्ये अनेक घरांत दहा-दहा सेकंदांनी पुढे ढकलली गेली असणार. आमच्या शेजारी एक निवृत्त बँक कर्मचारी राहतात. तरुणपणी त्यांनी सात-आठ वर्षे गाणे शिकून सोडले, आणि तंबोरा गवसणीत घालून कपाटावर ठेवला, एवढेच आम्हाला ठाऊक होते. त्यांनी हा चित्रपट तीन रात्रींत, तुकड्या-तुकड्यांनी पाहिला. जिन्यात भेटले तेव्हा, कसा वाटला, असे मी विचारले. ते म्हणाले, "अहो, त्या पोराचे गाणे वाईट नाही, तीच तर पंचाईत आहे. वाईट असते तर वेळेवर सुटला असता." आणि पिशवी सावरीत खाली उतरून गेले. या दोन वाक्यांत चित्रपट आहे, पाहणारा आहे, आणि कपाटावरचा तंबोराही आहे. कैफियत लांबच असली पाहिजे असे काही नाही, हे मला त्या जिन्यात समजले.

आजच्या संकोचाला आणखी एक निमित्त सांगितले जाते: गोष्ट फुटेल. हा नवा शिष्टाचार इतका कडक झाला आहे, की परेश मोकाशींच्या 'वाळवी'विषयी मला सहा जणांनी, बघच, असे बजावले आणि सहापैकी एकानेही त्यात माणसे कोण आहेत हे सांगितले नाही. रहस्यकथेपुरते हे समजण्यासारखे आहे. पण ज्या समाजाने शतकानुशतके हरिकथा ऐकली, जेथे उत्तररंगातल्या आख्यानाचा शेवट मांडीवरच्या मुलालाही ठाऊक असतो आणि तरीही सीता रेषा ओलांडते त्या क्षणी देऊळ श्वास रोखून धरते, त्या समाजाने शेवट कळला म्हणून रस गेला असे म्हणावे, याचे मला नवल वाटते. आत्याने 'पिंजरा'चा शेवट पहिल्याच वाक्यात सांगून टाकला होता.

मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चित्रपट दाखवीत आले, आणि खेळ सुटल्यावर पायऱ्यांवर उभ्या उभ्या वाद घालणाऱ्यांची एक पिढी अशा मंडळांनी तयार केली. तिचे ऋण मोठे आहे. तरी ती माणसे मत देण्याच्या तयारीने आलेली असत. घरातला प्रेक्षक बेसावध असतो, पायजम्यात असतो, आणि त्याचे जे काही होते ते खोकल्यासारखे होते. म्हणूनच त्याची कैफियत हरवली याचे मला अधिक वाईट वाटते.

ती अगदीच हरवलेली नाही, असे मला अलीकडे दिसू लागले आहे. सत्तरी ओलांडलेल्या आत्याला मोबाइलवरची अक्षरे टाइप करता येत नाहीत, बोटे थरथरतात, म्हणून ती आम्हा भाचरांना बोललेले निरोप धाडते. एक-एक निरोप चार-चार मिनिटांचा. तरुण मंडळी तो दुप्पट वेगाने ऐकतात. मी ऐकत नाही. केदार शिंदे यांचा, २०२३ साली गाजलेला 'बाईपण भारी देवा' तिने घरी पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा निरोप आला. सहा बहिणी, मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा, कोणाचे कोणाशी का बिनसले, सारे तिने आपल्या पद्धतीने, शेवटापासून सुरू करून सांगितले. मध्ये कुकरच्या दोन शिट्ट्या आल्या. मग ती म्हणाली, "सगळ्या छान खेळल्या रे. पण आमची मंगळागौर बघायला कोणी नसायचे, म्हणून ती रात्रभर चालायची. यांना परीक्षक होते." पुढे ती मिरजेच्या थोरलीविषयी बोलू लागली, जिच्याशी अकरा वर्षे बोलणे नाही, थोरलीची पिंगा घालण्याची पद्धत चित्रपटातल्या एका बहिणीने जशीच्या तशी उचलली आहे, कोणी दाखवली असेल तिला, असे म्हणाली, आणि तिसरी शिट्टी झाली तशी, "थांब हं," म्हणून निरोप तुटला.