काड्यांचा खेळ आणि तयार किल्ला

रविवारी सकाळी ‘रामायण’ संपलं की नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या वाड्यात खराट्याच्या काड्या कमी व्हायच्या. १९८७-८८ ची ही गोष्ट. टीव्ही एकच, पंचवीस माणसं त्याच्यासमोर दाटीवाटीनं बसलेली. मालिका संपली की आम्ही पोरं बांबूची कामटी वाकवून तिला सुतळी ताणायचो आणि काड्यांचे बाण करायचो. पडद्यावर पाहिलेलं सीताहरण दुपारी खुद्द सीतागुंफेच्या गल्लीत घडायचं. आमच्या खेळातला जटायू मात्र कधीच मरायचा नाही, कारण ते काम करणारा मुलगा मरायला तयारच नसायचा. मग रावणाला घरी परत जावं लागे.

मुलांच्या कार्यक्रमाची परीक्षा मी अजून यावरूनच करतो. तो संपल्यावर मूल काय करायला उठतं?

या कसोटीवर जुनं मुंबई दूरदर्शन खरं उतरतं. २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेल्या त्या केंद्राकडे पैसा बेताचा होता, नेपथ्य साधं होतं. पण ‘किलबिल’ होतं, ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची ‘गोट्या’ मालिका होती, रामदास पाध्यांच्या बाहुल्या होत्या. त्यांतला अर्धवटराव पाहिल्यावर घरातला फाटका मोजा बोलू लागे. १९९३ मध्ये आलेलं ‘जंगल बुक’ जपानी बनावटीचं, हिंदी बोलणारं. तरी त्यानं मराठी पोरांना झाडावर चढवलं. ‘शक्तिमान’नं गरागरा फिरवलं, काहींना पाडलंही.

२००८ मध्ये हैदराबादच्या चित्रकारांचा ‘छोटा भीम’ आला. आपल्या मातीतला नायक मुलांना मिळाला, याचा मला आनंदच आहे. पण त्याच्यामागून दप्तर आलं, पाण्याची बाटली आली, मुखवटा आला. पूर्वी भांडी बाजारातली पितळी भातुकली घेतली, तर चूल, जातं, परात एवढंच हाती येई. घर कोणाचं, पाहुणे कोण, ते मुलीनं ठरवायचं. भीमाचं खेळणं नाव, गाव, मित्र आणि शत्रू सगळं ठरवूनच येतं. आता मोबाइलवर तर एक मूल खोक्यातून खेळणी काढतं आणि दुसरं मूल ते नुसतं पाहत बसतं. माझी चार वर्षांची नात असं पाहताना मी तिच्या हातांकडे पाहत होतो. ते मांडीवर निश्चल पडले होते.

मराठी वाहिन्यांबद्दल माझी तक्रार याहून मोठी आहे. तिथे मुलं दिसतात, पण मुलांसाठी काही दिसत नाही. २००८-०९ च्या ‘लिटिल चॅम्प्स’मधली मुलं विलक्षण गायली, घराघरांत डोळे भरून आले, पण ती मोठ्यांची गाणी मोठ्यांसाठी गात होती. तमिळ, मल्याळम मुलांना त्यांच्या भाषेत वाहिन्या मिळाल्या. आपल्या मुलांच्या वाट्याला मुख्यतः हिंदी किंवा डबिंगची मराठी आली. भाषांतरित वाक्यांत कल्पना लंगडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हे ज्या जिल्ह्यात मी लिहितो आहे, तिथे त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये दादासाहेब फाळके जन्मले. चित्रपटांचा संसार त्यांनी नाशिकला मांडला, ‘कालिया मर्दन’मध्ये आपल्या लहानग्या मंदाकिनीला कृष्ण केलं. १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काडी जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचं. पुन्हा सरकवायची, पुन्हा चित्र. एवढ्यावर काड्या चालू लागतात. पुढे अरविंद गुप्तांनी त्याच काड्या सायकलच्या वॉल्व्हट्यूबच्या तुकड्यांनी जोडून त्रिकोण, घनाकृती उभ्या केल्या. टाकाऊतून खेळणी करण्याचं हे काम पुण्यातल्या आयुकाच्या विज्ञानकेंद्रातून हजारो मुलांपर्यंत पोचलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे मराठी मुलुखात कल्पकतेची वाण नाही. वाहिन्यांनी तिला जागा दिलेली नाही. आठवड्यातून अर्धा तास, मूळ मराठीत लिहिलेला, एवढी मागणी जास्त नाही.

तोवर एक घरच्यांनी करावं. दिवाळीत रस्त्याकडेला प्लास्टरचे तयार किल्ले विकायला असतात, बुरुज रंगवलेले, तोफा चिकटवलेल्या. ते आणू नका. चार विटा, जुनं पोतं, पाटीभर माती आणि मूठभर अळीव अंगणात ठेवा आणि दरवाजा कुठल्या बाजूला करायचा, ते पोरांना भांडून ठरवू द्या.