कुक यांचा वनस्पतिग्रंथ आणि भिवा

थिओडोर कुक हे १८६५ ते १८९३ पर्यंत पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग (पुढें सायन्स) कॉलेजचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर क्यू येथें बसून त्यांनीं मुंबई इलाख्याच्या सपुष्प वनस्पतींचा ग्रंथ रचिला. तो १९०१ पासून १९०८ पर्यंत भागाभागांनीं निघाला. वनस्पतिशास्त्रज्ञ तो वापरतातच. इतिहाससंशोधकांनींही तो चाळावा, असें आम्हांस वाटतें.

याचें कारण त्यांतील एक बारीकशी खूण. जातीचें वर्णन संपलें कीं खालीं स्थळ व संग्राहकाचें नांव येतें; नमुना कुक यांनीं स्वतः पाहिला असेल तर नांवापुढें उद्गारचिन्ह असतें. अस्सल कागद पाहिला कीं नुसती नक्कल, हा भेद आपण दफ्तरें तपासतांना करतों, तोच हा. मराठी कागदपत्रांच्या कित्येक संपादकांनीं इतकीही काळजी घेतलेली नाहीं!

या नांवांत स्टॉक्स, डाल्झेल, वुड्रो आहेत. तसेच कानिटकर आणि भिवाही आहेत. साहेबांची चरित्रें इतरत्र मिळतात. भिवा कोण, कोठला, कोणाच्या हुकुमानें रानांत हिंडला, याविषयीं त्या नोंदी मुक्या आहेत. त्याला आडनांवही नाहीं. ग्रंथाचें हें मोठें न्यून होय. नेचे वगळले आहेत, हें त्या मानानें लहान. ती उणीव ब्लॅटर व डि'आल्मेडा यांनीं १९२२ त भरून काढली.

१९५८ त भारतीय वनस्पति सर्वेक्षणानें ग्रंथ पुन्हा छापला, परंतु भिवा एकशब्दीच राहिला. त्याचा माग काढावयाचा तर छापील पानें सोडून वाळलेल्या नमुन्यांवरील मूळ चिठ्ठ्याच वाचाव्या लागतील.