‘टाइम’च्या मुखपृष्ठावरची गोळी

‘गोळी’ हा मराठी शब्द औषधालाही चालतो आणि बंदुकीलाही. इंग्रजीत ही सोय नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाने २८ मे २००१ च्या मुखपृष्ठावर ती चित्राने साधली : कर्करोगाविरुद्धच्या युद्धातला नवा दारूगोळा म्हणून ‘ग्लीव्हेक’ (इमॅटिनिब) या औषधाच्या गोळ्या छापल्या.

मुखपृष्ठामागची चाचणी जून १९९८ मध्ये ब्रायन ड्रकर व सहकाऱ्यांनी सुरू केली. ती पहिल्या टप्प्याची होती. या टप्प्यात ‘रोग बरा होतो का?’ हा मुख्य प्रश्न नसतोच. ‘माणसाला किती मात्रा सोसते?’ हा असतो. म्हणून मात्रा २५ मिलिग्रॅमपासून हजारापर्यंत चढवत नेली. रुग्ण होते क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या पहिल्या, संथ अवस्थेतले. या रोगात ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे सदैव ‘चालू’ राहणारे प्रथिन बनते. औषध नेमके त्याच्या खाचेत बसते. ३०० मिलिग्रॅम वा अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ पैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. पहिल्या टप्प्यात असे क्वचितच घडते. आनंद रास्तच होता.

आमची तक्रार वेगळी आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या ज्या अंकात (५ एप्रिल २००१) हे आकडे आले, त्यातच लगेच पुढे दुसरा निबंध आहे. औषध तेच, लक्ष्यही तेच, पण रोग पुढे गेलेला. मायलॉइड प्रकारच्या ३८ पैकी २१ जणांत प्रतिसाद दिसला, लिम्फॉइड प्रकारच्या २० पैकी १४ जणांत. (‘प्रतिसाद’ म्हणजे बरे होणे नव्हे, हा शब्द वर्गात सैल वापरू नये.) या १४ पैकी एक सोडून सर्वांचा रोग उलटला. असे का होते, याचा एक धागा चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने त्याच वर्षी शोधला : रोग उलटलेल्या काही रुग्णांत प्रथिनातले एकच अमिनो आम्ल बदलले होते आणि औषध खाचेत बसेनासे झाले होते.

बंदुकीच्या उपमेत लक्ष्य जागच्या जागी उभे असते. इथे ते बदलते. संथ अवस्थेतल्या रुग्णांबाबत मुखपृष्ठ खोटे ठरले नाही. पुढच्या मोठ्या चाचणीत दहा वर्षांनी सुमारे ८३ टक्के हयात होते. पण ‘कर्करोग’ हा एकच शब्द वाचून प्रगत रोगाच्या रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांकडे धावतात, तेव्हा त्यांना दुसऱ्या निबंधातले आकडे हवे असतात.

मुखपृष्ठ वर्गात जरूर दाखवावे. मात्र फळ्यावर ‘५४ पैकी ५३’ लिहिले, की शेजारीच ‘२० पैकी १४, त्यातला टिकला १’ हेही लिहावे आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत.