आंबेडकर : एका आडनावाचा उगम आणि विस्तार

आडनावांच्या अभ्यासाला आपल्याकडे घराण्याच्या इतिहासाचे रूप आलेले आहे. मूळपुरुष कोण, कुलदैवत कोणते, वतन कुठले, शाखा कोठे कोठे गेल्या, हे त्या इतिहासाचे ठरलेले प्रकरण. ज्यांच्या घरात सनदा होत्या, वंशावळी होत्या, त्यांना हे शक्य झाले. पण ज्यांना गावाने कधी आडनावाने हाकच मारली नाही, त्यांच्या आडनावांचा अभ्यास कोणत्या कागदावरून करायचा, हा प्रश्न या अभ्यासकांना पडलेला दिसत नाही. या लेखात मी एकाच आडनावाचा विचार करणार आहे. ते तसे विरळ आडनाव आहे. कोकणातल्या थोड्या घरांचे. पण आज भारताच्या नकाशावर ते जितके पसरले आहे तितके दुसरे मराठी आडनाव क्वचितच पसरले असेल. ते आडनाव आंबेडकर.

या आडनावाच्या उगमाची कथा सर्वांना ठाऊक आहे. धनंजय कीरांच्या १९५४ च्या इंग्रजी चरित्रात ती आहे, आणि दर चौदा एप्रिलला शाळाशाळांतून ती सांगितली जाते. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. काही लेखक ते आंबावडे असे लिहितात. त्या गावावरून आंबडवेकर. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजींनी आपल्या भिवाला साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातले. तेथे आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मुलावर त्यांचा जीव. मधल्या सुट्टीत ते त्याला आपल्यातली भाजी-भाकरी देत. त्यांनी त्याचे अवघड आडनाव काढून आपले सुटसुटीत आडनाव शाळेच्या दप्तरात लावले. कथा येथे संपते आणि टाळ्या पडतात.

माझे म्हणणे या कथेच्या रचनेविषयी आहे. या कथेत कर्ता गुरुजी आहेत. मुलगा कर्म आहे. बाप तर वाक्यातच नाही. गुरुजींनी दिले, मुलाने घेतले. चरित्रकार प्रामाणिक असला तरी वर्षानुवर्षे सांगितल्या जाणाऱ्या कथेला समाज आपल्या सोयीचा आकार देतो, आणि प्रस्थापितांना सोयीचा आकार दात्याचा असतो. त्या गुरुजींविषयी बाबासाहेबांना कृतज्ञता होती. ती त्यांची होती आणि खरी होती. तिचे भांडवल दुसऱ्यांनी करावे याला मात्र आधार नाही. ज्या शाळेत हे घडले त्याच शाळेत त्या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नव्हते. हे बाबासाहेबांनी आपल्या इंग्रजी आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे. ते गोणपाट आणि ते आडनाव एकाच वर्गातले आहेत. कथा सांगताना गोणपाट वगळायचे आणि आडनाव ठेवायचे, ही वाचनाची पद्धत नव्हे, ही निवड आहे.

या कथेत शब्द तीन आहेत : सकपाळ, आंबडवेकर, आंबेडकर. म्हणजे पावले दोन आहेत. सगळ्यांचे लक्ष दुसऱ्या पावलावर. पहिल्या पावलाविषयी कोणी बोलत नाही. सकपाळचे आंबडवेकर होणे म्हणजे कुळीचे नाव सोडून गावाचे नाव धरणे. हे गुरुजींनी केलेले नाही. हे घराने केले आहे, आणि या आडनावाचा खरा उगम येथे आहे.

हे पाऊल किती मोठे आहे हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईचा जो स्तंभ आहे त्यावर मृतांची नावे कोरलेली आहेत. त्यांतली बावीस नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात. तो प्रत्यय वाचला की माणूस महार हे कळते. आडनावाची गरजच नाही. जात नावातच शिवलेली आहे. त्या स्तंभावरच्या 'नाक'पासून सातारच्या शाळेतल्या 'कर'पर्यंतचे अंतर ऐंशी-ब्याऐंशी वर्षांचे आहे. या मधल्या काळात फौजेची नोकरी आली, फौजेतल्या शाळा आल्या. रामजी स्वतः अशा शाळेत मुख्याध्यापक होते. हजेरीपट, पगारपत्रक, पेन्शनचा कागद यांची भाषा ज्याला कळली होती त्या माणसाने आपल्या मुलाचे नाव कसे नोंदवावे याचा विचार केला नसेल, असे मानायला मी तयार नाही.

आता हा 'कर' प्रत्यय. कोकण आणि गोवा हे त्याचे माहेर. तो गावाला लागतो आणि माणूस त्या गावचा एवढेच सांगतो. तो ब्राह्मणाला लागतो, मराठ्याला लागतो, भंडाऱ्याला लागतो. कोकणातले बेने इस्राएल हे यहुदी; किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर झाले, आणि त्यांच्याबरोबर ही आडनावे इस्राएलपर्यंत गेली. मास्टर दीनानाथांची आई देवदासी समाजातली. त्यांनी मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले. ज्यांना कुळीच्या उच्चनीचतेत जागा नव्हती किंवा नको होती, त्यांना हा प्रत्यय उपयोगी पडला. तो जात सांगत नाही. तो फक्त म्हणतो, हा माणूस अमुक गावचा आहे.

आणि येथेच एक फार मोठा विरोध दडलेला आहे. अस्पृश्य माणूस गावचा होता काय? तो गावकुसाबाहेरचा होता. गावाची कामे त्याची, गाव त्याचे नाही. महारवतन ही त्याची गावाशी असलेली बांधणी. त्याच्या मोबदल्यात बलुते आणि रात्रंदिवस राबणूक. शंकरराव खरातांनी आपल्या आत्मकथनाला १९८१ साली 'तराळ-अंतराळ' हे नाव दिले. तराळ हे आडनाव नव्हे, ते गावकीचे काम आहे. गाव आमच्या माणसाला अशाच नावाने ओळखत होते. अशा समाजातल्या एका बापाने 'आम्ही आंबडव्याचे' असे सरकारी कागदावर लिहवणे म्हणजे गावावर हक्क सांगणे होते. तोही कुठून, तर गावाबाहेर पडल्यावर. भिवाचा जन्म महूच्या छावणीत १८९१ चा. मग दापोली, मग सातारा, मग मुंबई. आंबडव्यात तो मुलगा वाढलाच नाही. गाव सुटल्यावरच गावाचे नाव लावता आले, हे या आडनावाचे समाजशास्त्र आहे.

दुसऱ्या पावलाने आणखी एक गोष्ट केली. आंबेडकर हा शब्द व्याकरणाने पाहिला तर त्याचा अर्थ आंबेडचा. आंबेड नावाची गावे त्याच जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यात आहेत. म्हणजे नव्या रूपात आंबडवे दिसेनासे झाले. आडनाव गावाकडे बोट दाखवायचे थांबले. पुढे १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महारवतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागणारा आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत भारतीय खेड्याच्या गौरवाला सडेतोड नकार देणारा माणूस हे आडनाव लावत होता. 'कर' लावणाऱ्यानेच खेड्याचे खरे रूप सांगितले. यात मला विसंगती दिसत नाही. गावावर हक्क सांगणे आणि गावाची गुलामी नाकारणे ही एकाच लढ्याची दोन अंगे आहेत.

काही सुशिक्षित मंडळी आणखी एक युक्तिवाद करतात. ब्राह्मणी आडनाव मिळाले म्हणून वाट सोपी झाली, असा त्याचा सूर असतो. याला उत्तर बाबासाहेबांच्याच आठवणींत आहे. १९०१ साली ही भावंडे चांगले कपडे घालून मसूरच्या स्टेशनवर उतरली. स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला. मग त्याने जात विचारली, आणि उत्तर ऐकताच त्याचा चेहरा पालटला. आडनाव तेथे तासभरही कामी आले नाही. पुढे १९१७ साली परदेशातून शिकून आलेला हा तरुण बडोद्याला नोकरीवर गेला, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेच्या वहीत पारशी नाव घालून त्याला राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांनी तेथूनही त्याला बाहेर काढले. आंबेडकर हे आडनाव परवाना असते तर पारशी नावाची गरजच पडली नसती. मुळात सकपाळ हे आडनावही मराठ्यांत आहेच. जात आडनावात नसते, ती विचारणाऱ्याच्या प्रश्नात असते. 'आडनाव काय?' यानंतर 'गाव कुठले?' आणि त्यानंतर 'म्हणजे कोण?' हा क्रम आमच्या पिढीलाही चुकलेला नाही.

दलित आत्मकथनांची समीक्षा करताना शाळेत नाव घालण्याच्या प्रसंगाकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. आपले टीकाकार भूक पाहतात, अपमान पाहतात, भाषा पाहतात. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेच्या दप्तरात बापाचे नाव लागावे की नाही, हाच झगडा आहे. तेथे बाप पाटील आहे आणि त्याला आपले नाव त्या मुलाला लागू द्यायचे नाही. साताऱ्याची कथा आणि 'अक्करमाशी'तला प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत. एकीकडे नाव प्रेमाने मिळते, दुसरीकडे नाकारले जाते. पण दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : नाव देण्याची आणि अडवण्याची सत्ता वरच्याकडे आहे. प्रेमळ माणूस भेटला हा योगायोग, व्यवस्था तीच. समीक्षेने योगायोगाचे कौतुक करीत बसू नये.

आता या आडनावाचा विस्तार. घराण्याची आडनावे वंशाने पसरतात. मुलगे दुसऱ्या गावी जातात, आडनाव त्यांच्याबरोबर जाते. आंबेडकर हे आडनाव असे पसरले नाही. ते ज्यांचे रक्ताचे नाते नाही अशांनी पसरवले. तमिळनाडूत तर ते आडनावच राहिले नाही. तेथे स्वाभिमान चळवळीने १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत जातिवाचक उपनावे टाकून देण्याचा ठराव केला. जेथे आडनावाची चालच मोडली गेली, तेथे आंबेडकर हे मुलाचे पहिले नाव झाले. हाक मारायचे नाव. मंडणगडच्या एका खेड्यावरून निघालेल्या शब्दाचा हा प्रवास कोणत्याही वंशावळीत बसणारा नाही.

याच्या उलट त्याला अडवणारा नकाशाही आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. ऑगस्टमध्ये पोचिराम कांबळे यांचा खून झाला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडला आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतर नव्हे, नामविस्तार झाला. १९९५ साली उत्तर प्रदेशात आंबेडकरनगर जिल्हा झाला. २००३ साली महूला हे नाव मिळाले. २०२२ साली आंध्रातल्या कोनसीमा जिल्ह्याला हे नाव द्यायचे ठरताच २४ मे रोजी अमलापुरमला मंत्र्याच्या घराला आग लावण्यात आली. मराठवाड्यात आणि कोनसीमेत विरोधकांची भाषा एकच होती : आमच्या मुलुखाचे नाव हीच आमची अस्मिता. म्हणजे माणसाने गावाचे नाव लावले तेव्हा ते कागदावर खपून गेले. त्या माणसाचे नाव मुलुखाला द्यायची वेळ आली तेव्हा घरे पेटली. गावावर सांगितलेला जो हक्क १९०० साली एका शाळेच्या दप्तरात शांतपणे नोंदला गेला, तोच हक्क मुलुखाच्या पाटीवर आला की सहन होत नाही.

नाव अडवता आले नाही की ते आपल्या पद्धतीने लिहिण्याचा प्रयत्न होतो. २०१८ साली उत्तर प्रदेश सरकारने आपल्या कागदपत्रांत 'भीमराव रामजी आंबेडकर' असे पूर्ण नाव लिहिण्याचा आदेश काढला. हिंदीतले 'अंबेडकर' जाऊन मराठीतले 'आंबेडकर' आले, हे भाषेच्या दृष्टीने बरोबर. पण त्या वेळी चर्चा झाली ती 'रामजी'तल्या रामाची. ज्या सुभेदार बापाला आडनावाच्या कथेत जागा नव्हती, त्याला या चर्चेत जागा मिळाली ती देवाच्या नावापुरती. त्याने केलेले पहिले पाऊल याही वेळी कोणाला आठवले नाही.

मी महाविद्यालयात शिकवतो. दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतो, सर, आडनाव बदलून घेऊ का? त्याला 'बदलू नकोस, अभिमानाने लाव' असे सांगणे सोपे असते. ज्याला भाड्याची खोली आडनावावरून नाकारली गेली आहे त्याला असा उपदेश करण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. बदलले तर तो पळपुटा होत नाही आणि ठेवले तर तो वीर होत नाही. मी त्याला एवढेच सांगतो की नाव कोणी दिले यापेक्षा ते लावून आपण काय केले याने नावाचा अर्थ ठरतो. कोकणातल्या थोड्या घरांपुरता असलेला एक शब्द लाखो माणसांच्या लढ्याचे नाव झाला, तो मिळाला म्हणून नव्हे, त्याखाली झालेल्या कामाने.

आपल्या अभ्यासकांना आणि विद्यार्थ्यांना माझी सूचना अशी. प्रत्येकाने आपल्या घरातल्या पहिल्या शाळेत गेलेल्या माणसाचा दाखला काढून पाहावा. नाव कोणी सांगितले, कोणी लिहिले, काय गाळले, काय बदलले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवावे. सनदा आणि बखरी आपल्याकडे नाहीत. शाळेचे दप्तर आहे. आपल्या आडनावांचा इतिहास तेथून सुरू होतो, आणि तो लिहिताना हजेरीपट लिहिणाऱ्या गुरुजींबरोबर शाळेच्या दारात मुलाचा हात धरून उभा असलेला बापही दिसला पाहिजे.