इंग्रजी लेखनातील अवतरणचिन्हे : शुद्धता आणि प्रामाणिकता

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनातील अवतरणचिन्हांच्या चुका सामान्यतः किरकोळ मानल्या जातात. वस्तुतः त्यांतील एका प्रमुख चुकीचे मूळ दोन भाषांच्या वाक्यरचनेत आहे. ‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ हे मराठी वाक्य शुद्ध आहे. ‘की’नंतरही बोलणाऱ्याचा ‘मी’ कायम राहतो. इंग्रजीत मात्र ‘दॅट’ आल्यावर ‘आय’चा ‘ही’ होतो, ‘विल’चा ‘वुड’ होतो आणि अवतरणचिन्हे गळतात. विद्यार्थी ‘की’च्या जागी ‘दॅट’ योजतो, ‘आय’ तसाच ठेवतो आणि त्याभोवती दुहेरी अवतरणचिन्हे देतो. परिणामी मूळ शब्द आणि सांगितलेला आशय यांतील सीमारेषा पुसली जाते.

या सीमारेषेचे महत्त्व वर्धा जिल्ह्यातील वाचकास वेगळे सांगावयास नको. १९३६ मध्ये सेवाग्रामी वास्तव्यास आलेल्या गांधीजींच्या नावावर, जगात हवा असलेला बदल आधी स्वतः व्हावे, अशा आशयाचे इंग्रजी वाक्य सर्रास अवतरणचिन्हांत छापले जाते. त्यांच्या शंभर खंडांच्या इंग्रजी समग्र वाङ्मयात ते त्या शब्दांत आढळत नाही. १९१३ मधील ‘इंडियन ओपिनियन’च्या एका लेखात त्याच्याशी मिळताजुळता विचार आहे, शब्द मात्र निराळे आहेत. असा विचार गांधीजींनी मांडला, एवढेच म्हटल्यास विधान सयुक्तिक ठरते; अवतरणचिन्हे देताच तीच साक्ष खोटी ठरते. गांधीजींची आत्मकथाही मूळ गुजराती असून तिचे इंग्रजी भाषांतर प्रामुख्याने महादेव देसाई यांचे आहे. त्यातील इंग्रजी शब्द उद्धृत करताना अनुवादकाचा निर्देश आवश्यक ठरतो.

अध्यापनात मात्र भर असतो तो पूर्णविराम चिन्हाच्या आत की बाहेर, यावर. हा प्रामुख्याने अमेरिकन व ब्रिटिश मुद्रणसंकेतांतील भेद आहे. कोणताही एक संकेत सातत्याने पाळल्यास पुरे. मूळ नियम त्याहून कठोर आहे : चिन्हांच्या आत मूळ शब्दच यावेत, गाळलेला भाग तीन टिंबांनी दाखवावा आणि स्वतःची भर चौकटी कंसात द्यावी. आशय स्वतःच्या शब्दांत मांडल्यास चिन्हे नकोत, परंतु मूळ लेखकाचा उल्लेख हवाच.

म्हणून एकच उतारा अवतरण, अप्रत्यक्ष कथन आणि सारांश अशा तिन्ही रूपांत लिहून घेणे उपयुक्त ठरेल. अवतरणचिन्ह ही दुसऱ्याच्या शब्दांविषयी दिलेली ग्वाही आहे, ही जाणीव त्यातून रुजावी.